कर्क्युमिन कॅप्सूल, 95 टक्के, मिरीच्या अर्कासह : दोन स्टार

आधीच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. याच घटकांच्या, याच टक्केवारीच्या बाटल्या बाजारात ढिगानं आहेत. लेबल तेवढं निराळं असतं. मला जे म्हणायचंय ते त्या सगळ्यांना लागू आहे. आणि माझा संबंधही उघड करून ठेवतो. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतो, वडलांपासूनचा धंदा आहे. हळदीला मागणी वाढली तर माझा फायदाच. तेव्हा हळदीच्या मालाला दोन स्टार देताना मला काही गंमत वाटत नाहीये.

बायकोला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग मिरजेत केमो. आधी ज्याला सगळे 'लाल औषध' म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन, सोबत सायक्लोफॉस्फामाइड. ते संपलं की दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. आणि सगळं पार पडल्यावर, कॅन्सर परत येऊ नये म्हणून, टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी, वर्षानुवर्षं. औषधांची नावं मुद्दाम दिलीत, पुढं लागणार आहेत.

घरात कॅन्सर आला की सल्ला द्यायला गल्ली लोटते. कुणी गव्हांकुराचा रस सांगितला, कुणी गुळवेल, शेजारच्या वहिनी तर परसातली सदाफुलीची पानं धुऊन घेऊन आल्या. पुण्याच्या पुतण्यानं या कॅप्सूलच्या दोन बाटल्या ऑनलाइन मागवून थेट आमच्या पत्त्यावर पाठवल्या आणि फोन केला, "काका, काकूला रोज दोन द्या. केमोला सपोर्ट आहे. नॅचरल आहे, साइड इफेक्ट काही नाही." पोराची माया खरी, त्यात शंका नाही. बायको बाटली हातात घेऊन म्हणाली, "अहो, जन्मभर पोत्यानं हळद बघितली, आता डबीतनं विकत घ्यायची वेळ आली का आपल्यावर?"

माल असा आहे. काळी प्लॅस्टिकची बाटली, आत 60 कॅप्सूल, छापील किंमत 1,499 रुपये, सवलतीत 899. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक : एका कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क 500 मिलिग्रॅम, त्यात 95 टक्के कर्क्युमिनॉइड्स (हळदीला पिवळा रंग देणारी द्रव्यं, त्यातलं मुख्य ते कर्क्युमिन), आणि काळ्या मिरीचा अर्क 5 मिलिग्रॅम, त्यात 95 टक्के पायपरिन (मिरीला तिखटपणा देणारं द्रव्य). सील घट्ट, बॅच नंबर आणि तारखा स्पष्ट. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्या बॅचचा लॅब रिपोर्ट उघडतो. ही गोष्ट मला आवडली. एक स्टार त्याचा.

आता हिशोब. हळदीत कर्क्युमिनॉइड्स साधारण तीन टक्के असतात. जात, जमीन, शिजवण, साठवण यांनी तो आकडा दोन ते पाचाच्या दरम्यान खालीवर होतो. एका बाटलीत 60 गुणिले 500, म्हणजे 30 ग्रॅम अर्क. त्यातले कर्क्युमिनॉइड्स 28.5 ग्रॅम. तीन टक्क्यांच्या हळदीतून तेवढे काढायचे तर 950 ग्रॅम हळकुंडं लागतील. किलोभर धरा. यार्डात बऱ्या राजापुरी हळदीला क्विंटलला पंधरा हजार धरले, तर किलोला दीडशे. दीडशेच्या मालाचे नऊशे होतात. याला मी लूट म्हणणार नाही. सॉल्व्हंट लागतो, यंत्रं लागतात, तपासण्या लागतात, मधले दलाल लागतात (दलालांविरुद्ध तर मी बोलूच शकत नाही). पण जाहिरातीत जो 'दुर्मीळ सुवर्णद्रव्य' वगैरे थाट आहे त्याची ही आतली किंमत आहे, एवढं माहीत असू द्या.

याच हिशोबातून दुसरी एक गोष्ट निघते आणि ती मला किमतीपेक्षा मोठी वाटते. आपण आमटी-भाजीतून दिवसाला दोन-तीन ग्रॅम हळद खात असू. त्यात कर्क्युमिनॉइड्स 60 ते 90 मिलिग्रॅम. दोन कॅप्सूलमध्ये 950. म्हणजे दहा ते पंधरा पट, वर मिरीचा अर्क. 'आपण पिढ्यान्पिढ्या हळद खातोय, काय होतंय?' हा युक्तिवाद फोडणीच्या चमच्याला चालतो, या बाटलीला नाही. पिढ्यान्पिढ्या हे कुणी खाल्लेलंच नाही.

कॅप्सूल उघडून बशीत ओतली. हळकुंड मोडून गाभ्याचा रंग बघायची सवय आहे, त्यामुळे राहवलं नाही. पूड केशरी-पिवळी, पिठूळ, बोटाला लागली की साबणानंही लवकर जात नाही. वास मात्र जवळजवळ नाहीच. हळदीचा वास तिच्या तेलाचा असतो आणि असा अर्क काढताना ते तेल मागं राहतं. चिमूटभर पाण्याच्या पेल्यात टाकली तर वरच तरंगली. ढवळलं तर काचेच्या कडेला चिकटून बसली, पाणी फिक्कं ते फिक्कंच. स्पिरिटात टाकली तर क्षणात पिवळंधमक. मग पानाच्या डब्यातला ओला चुना घेतला आणि त्यावर थोडी चोळली. लालभडक झाली. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना लावूनच करतात, तोच हा खेळ. एवढ्यावरून रंग हळदीचाच आहे इतपत कळतं, टक्का किती ते लॅबवाल्यांनी सांगायचं.

पण त्या पेल्यानं या धंद्यातली मुख्य अडचण मला दाखवली. पाण्यात न विरघळणारी ही पूड पोटातून रक्तात उतरतच नाही म्हणा ना. जे थोडं उतरतं ते यकृत लगेच बदलून बाहेर काढतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये हे मोजलेलं आहे, 1998 साली. निरोगी माणसांना तब्बल दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं तर रक्तात ते नावालाही सापडेना. सोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं तेव्हा प्रमाण वीसपट झालं. बाटलीवर मोठ्या अक्षरात '2000 टक्के अधिक शोषण' असं जे छापलंय त्याचं मूळ हे. आकडा खरा आहे. कशाच्या वीसपट, ते मात्र छापलेलं नाही. जवळजवळ शून्याच्या.

आणि पायपरिन हे करतं कसं? आतड्यात आणि यकृतात काही एन्झाइम्स असतात, बाहेरून आलेल्या औषधी पदार्थांची मोडतोड करून त्यांना वाटेला लावणारी. त्यातल्या एका मोठ्या एन्झाइमचं नाव सीवायपी थ्री-ए-फोर. पायपरिन त्याला मंद करतं. पेशीतून औषध बाहेर ढकलणारा एक पंप असतो, त्यालाही. आता यार्डाच्या गेटवरचा माणूस उठवून चहाला पाठवला तर फक्त हळदीचीच गाडी आत येईल असं नसतं, मागचा पुढचा सगळा माल आत येतो. पॅक्लिटॅक्सेलची विल्हेवाट लावण्यात याच एन्झाइमचा हात असतो. केमोचा डोस वजन-उंची बघून मिलिग्रॅमात मोजून देतात. तो शरीरात किती वेळ राहणार याचा हिशोब घरातल्या एका डबीनं बिघडवायचा, याला सपोर्ट कसं म्हणायचं?

ही अक्कल माझी नाही. केमो सुरू व्हायच्या आधी, जखम भरत असताना, बायकोनं या कॅप्सूल थोडे दिवस घेतल्या. जळजळ झाली, मिरीचे ढेकर आले, थकव्यात काडीचा फरक पडला नाही. पहिल्या केमोआधी डे-केअरच्या सिस्टरनं विचारलं, "मावशी, घरचं आणखी काय काय चालू आहे?" बायकोनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी मागची बाजू वाचली आणि म्हणाले, "बाटली दाखवलीत ते फार बरं केलं. बहुतेक जण लपवतात. आता ही बंद. भाजीतली हळद चालू द्या, तिला माझी हरकत नाही." कारणं तीन सांगितली. औषधांशी गडबड. दर डोसआधी यकृताची तपासणी होते, त्यात आकडा वाढला तर तो केमोमुळे की कॅप्सूलमुळे हे कळणार नाही. आणि केमोनं प्लेटलेट्स कमी होतात तेव्हा रक्त पातळ करू शकणारी कुठलीच गोष्ट नको. दोन मिनिटांत विषय संपला.

पण मी अडत्या आहे, पावती बघितल्याशिवाय मला झोप येत नाही. भाची फार्मसी कॉलेजात शिकवते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मामा, मी पाठवते ते सगळं वाचा. आणि फक्त वाईट तेवढंच उचलू नका, चांगलंही आहे त्यात." खरंच दोन्ही निघालं.

बायकोच्या औषधांशी थेट संबंध असलेला एक कागद 2002 सालचा, अमेरिकेतला. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांना केमोची औषधं दिली. कर्क्युमिन सोबत असताना त्या पेशी कमी मेल्या. त्या औषधांत डॉक्सोरुबिसिन होतं. उंदरांमध्ये सायक्लोफॉस्फामाइडचा परिणामही कमी पडला. म्हणजे आमच्या पहिल्या टप्प्यातली दोन्ही औषधं. आता भांड्यातलं आणि उंदरातलं माणसात तसंच होतं असं नाही, आणि कर्क्युमिननं केमोला जोर येतो असं सांगणारे प्रयोगशाळेतले निबंधही भरपूर आहेत. पण मग नेमकं हेच धरून चालायचं ना, की माणसात बघितल्याशिवाय कुणी काही बोलू नये? बाटलीवाले फक्त सोयीचे निबंध छापतात.

माणसातलं बघायचं तर ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज आठ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. निकाल 2008 साली छापला. ज्यांचा परिणाम तपासता आला अशा 21 जणांत दोघांमध्ये काहीतरी असर दिसला, त्यातल्या एकाचा थोड्याच काळात ओसरला. आठ ग्रॅम म्हणजे या बाटलीतल्या दिवसाला सोळा कॅप्सूल. चार दिवसांत बाटली खलास. हळदीवर जगात सर्वांत जास्त लिहिणाऱ्यांपैकी एका संशोधकाचे निबंध तर पुढे नियतकालिकांनी मोठ्या संख्येनं मागे घेतले. ते वाचून मला जरा वेळ काही सुचेना. आमच्या पिकाची कीर्ती ज्या कागदांवर उभी राहिली त्यातले बरेच कागद असे निघाले. 2017 साली रसायनशास्त्रज्ञांनी एक मोठा आढावा घेतला, त्यात त्यांनी मूळ खोड सांगितली आहे. कर्क्युमिन हा रेणू अस्थिर आहे, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, स्वतः रंगीत आणि चमकणारा असल्यानं चाचण्यांनाही चकवतो. म्हणून प्रयोगशाळेत तो प्रत्येक रोगावर चालताना दिसतो. माणसांवरच्या नीट बेतलेल्या, खोटी गोळी देऊन तुलना केलेल्या प्रयोगांत यश हाती लागलेलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

बरी बाजू आर्मेनियाची. तिथं 2020 साली छापलेल्या प्रयोगात पुढच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या 150 बायकांना दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल दिलं, निम्म्यांना सोबत कर्क्युमिन, निम्म्यांना खोटं औषध. कर्क्युमिनच्या गटात निम्म्याच्या आसपास बायकांच्या गाठी लहान झाल्या, दुसऱ्या गटात साधारण एक तृतीयांश. फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मात्र तिथं कर्क्युमिन शिरेतून, सलाइनसारखं दिलं होतं, डॉक्टरांच्या देखत. पोट आणि यकृताची अडचण त्यांनी अशी टाळली. पुतण्यानं मला याच प्रयोगाची बातमी फॉरवर्ड केली होती, "बघा काका." बघितली. त्यात कॅप्सूल कुठंच नाही.

टॅमॉक्सिफेनचं तर जास्तच नीट वाचा, कारण केमो संपली की लोकांना वाटतं आता काय हरकत आहे. टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर यकृत त्याचं एंडॉक्सिफेन करतं आणि खरं काम ते करतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी 2019 साली टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बायकांना दिवसातून तीन वेळा 1,200 मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं. एंडॉक्सिफेन कमी झालं. सोबत पायपरिन दिल्यावर आणखी कमी, सुमारे 12 टक्के. ज्यांचं एंडॉक्सिफेन आधीच काठावर असतं त्यांना एवढी घट महागात पडू शकते. डोस आमच्या दोन कॅप्सूलपेक्षा मोठा होता हे मान्य. पण ही गोळी पाच-पाच, दहा-दहा वर्षं घ्यायची असते, आणि तिचा असर कमी झाला तर अंगावर काही दिसत नाही, दुखत नाही. कळणार कसं?

यकृताचं थोडक्यात. इटलीत 2019 च्या सुमारास हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांना कावीळ झाल्याच्या नोंदी झाल्या आणि सरकारला लेबलावर इशारे टाकायला लावावे लागले. अमेरिकेत 2022 साली अशा दहा रुग्णांचा अभ्यास आला, त्यातल्या बहुतेकांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णवांना काहीच होणार नाही, ज्याला व्हायचं त्याला होईल, आणि तो कोण हे आधी ठाऊक नसतं. मुंबईतल्या डॉक्टरांनी करोनाच्या काळात गुळवेलीबद्दलही असंच लिहिलं होतं, सहा रुग्ण दाखवून. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. वाद चालू असताना केमोतल्या माणसाच्या यकृतावर प्रयोग करायची मला हौस नाही. गुळवेलीचा काढा मी वेलीच्या मुळाशीच ओतला.

बाटलीसोबत एक रंगीत पत्रक आलं होतं. त्यावर एक वाक्य : 'हळदीचे सामर्थ्य अमेरिकेनेही मान्य केले.' हे वाचून मात्र डोकं फिरलं. ती लढाई आमच्या यार्डात पोरासोरांना पाठ आहे. 1995 साली अमेरिकेनं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या पुडीनं जखम बरी करण्याचं पेटंट दिलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख. त्यांनी त्याला आव्हान दिलं, जुने संस्कृत आधार आणि 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंध पुढे ठेवला, आणि 1997 साली पेटंट रद्द झालं. म्हणजे सिद्ध काय झालं? की जखमेला हळद लावणं ही नवी गोष्ट नाही, आपल्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. कॅन्सरचा त्यात शब्द नाही. मराठी माणसानं जिंकलेल्या खटल्याचं हे असं भांडवल करायचं आणि तेही आम्हालाच विकायला!

पत्रकात 'कॅन्सर बरा होतो' असं कुठं लिहिलेलं नाही, त्याची काळजी घेतलीय. 1954 च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ज्या रोगांवर इलाजाचे दावे करता येत नाहीत त्या यादीत कॅन्सर आहे. म्हणून मग 'पेशींचे आरोग्य', 'उपचारकाळात साथ' अशी भाषा. बाटलीच्या तळाशी, भिंग लागेल एवढ्या अक्षरात, इंग्रजीत छापलंय की हे औषधी वापरासाठी नाही. अन्नसुरक्षेच्या नियमानं ते छापावंच लागतं. विक्रीच्या पानावरच्या ग्राहकांच्या प्रतिक्रियांत मात्र गाठी विरघळतायत, रिपोर्ट नॉर्मल येतायत, सगळं मोकाट. कंपनी म्हणते, ती ग्राहकांची मतं. बरं.

वनस्पतीतलं काही कॅन्सरवर चालतच नाही असं समजून माझ्यावर धावून येऊ नका. बायकोच्या हाताला लावलेली बाटलीच वनस्पतीची होती. पॅक्लिटॅक्सेल हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून निघालं. साल 1962 मध्ये गोळा केली, रेणूची रचना 1971 मध्ये कळली, आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली 1992 साली. तीस वर्षं. मधल्या काळात झाडं संपतील अशी पाळी आली, तेव्हा युरोपातल्या यूच्या पानांतून अर्धा रेणू घेऊन बाकीचा कारखान्यात जोडायची युक्ती निघाली. तेही पाण्यात विरघळत नाही, कर्क्युमिनसारखंच. म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रवात आणि अल्कोहोलात मिसळतात. त्या द्रवाची काहींना जोरदार ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन. सिस्टर पहिल्या काही मिनिटांत बायकोजवळून हलत नव्हत्या ते यासाठी. झाडातून आलं म्हणून सौम्य, असं तिथं कुणी समजत नाही.

सदाफुलीचंही तसंच. तिच्यातून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन मिळतात, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिनक्रिस्टीन आजही लागतं. पण प्रौढालाही एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत, आणि ते फक्त शिरेतून. वहिनींच्या वाटीभर पानांत ते किती आणि बाकीची अल्कलॉइड्स किती, हे ना वहिनींना ठाऊक ना मला. पानं घेतली, आभार मानले, आणि त्या गेल्यावर खताच्या खड्ड्यात टाकली. आपल्या सह्याद्रीतलं नरक्याचं झाड तर घरचा माणूस. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या जंगलातून नरक्या चोरून नेताना पकडल्याच्या बातम्या आम्ही वाचत आलोय. तेच कॅम्प्टोथेसिन सरळ माणसाला देऊन बघितलं तेव्हा ते फार विषारी निघालं. मग त्यात फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन बनली, दोन्हींना अमेरिकेत 1996 साली परवानगी मिळाली. आणि गंमत बघा, या इरिनोटेकनसोबत कुणी सेंट जॉन्स वर्ट नावाची, उदासीवर घेतात ती वनस्पती घेतली तर रक्तातला औषधाचा कामाचा भाग 42 टक्क्यांनी घटतो, असं 2002 साली मोजलेलं आहे. झाडानंच झाडाचा घात केला.

2024 च्या सुरुवातीला टाटा हॉस्पिटलच्या शंभर रुपयांच्या गोळीची बातमी आली तेव्हा आमच्या तासगावचे द्राक्षवाले भलतेच खुशीत होते, कारण त्यातलं रेझव्हेराट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं. सोबत तांबं. केमोचे दुष्परिणाम कमी व्हावेत हा तिथला उद्देश. मुख्य काम उंदरांवरचं, माणसांवरचे प्रयोग लहान. टाटातलेच लोक ते तपासतायत, तपासू द्या. लगेच मनुके आणि तांब्याचा तांब्या घेऊन बसू नका, आमच्या गल्लीत बसले होते.

हळदीचा उपयोग आम्हाला झाला तो कॅप्सूलबाहेर. केमोत तोंड आलं तेव्हा डॉक्टरांना विचारून कोमट पाण्यात हळद घालून गुळण्या चालू केल्या. थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. मंगळुरूला डोकं आणि मानेला रेडिएशन घेणाऱ्या 80 रुग्णांवर हे नीट करून बघितलंय. नेहमीच्या पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्यांपेक्षा हळदीच्या गुळण्यांनी तोंडातल्या जखमा उशिरा आल्या आणि सौम्य राहिल्या. बायकोचं केमोचं होतं, रेडिएशनचं नाही, त्यामुळे तोच निकाल तिला लावता येणार नाही. पण तिला आराम वाटायचा आणि त्या दिवसांत आराम वाटणं ही काही लहान गोष्ट नव्हती. मळमळीला डॉक्टरांच्या गोळीसोबत आलेपाकाचा लहान तुकडा. आल्याचाही अमेरिकेत 576 रुग्णांवर प्रयोग झालाय, दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आल्यानं मळमळ कमी झाली. तेही आधी विचारूनच.

तर स्टार दोन. एक लॅब रिपोर्टचा, एक पोच आणि पॅकिंगचा. बाटलीवर 'केमो किंवा टॅमॉक्सिफेन चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये' अशी मराठीत एक ठसठशीत ओळ असती तर तिसरा दिला असता. ही सूचना त्यांच्या कस्टमर केअरला लिहून पाठवली. उत्तर आलं, "आमचे उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आहे." पुन्हा लिहिलं, पायपरिनचं विचारलं. उत्तर तेच, अक्षरही बदललं नाही. ज्यांना कॅन्सर नाही, गुडघे दुखतात म्हणून घ्यायचीय, त्यांचा मी वकील नाही. त्यांनी आपापली बीपीची, रक्त पातळ करायची गोळी बघून डॉक्टरांना विचारावं. आणि कॅन्सर असेल तर बाटलीचा फोटो काढून पुढच्या भेटीत दाखवा, मागच्या बाजूचा, पुढच्या नव्हे.

सीलबंद राहिलेली दुसरी बाटली पुतण्याकरवी परत केली. त्यानं आधी कुरकुर केली, मग रॉटरडॅमचा कागद त्याला पाठवला तेव्हा गप्प बसला आणि पिकअप लावला. पैसे त्याच्या खात्यात आले, पाठवणीचे 60 रुपये कापून.